फुप्फुसाचं लीव्ह ॲण्ड लायसन्स

करंजाड्यात राहणाऱ्या कोणालाही दोन गोष्टी पाठ असतात. पाण्याच्या टँकरवाल्याचा मोबाइल नंबर आणि लीव्ह ॲण्ड लायसन्सच्या अटी! पनवेल स्टेशनच्या पलीकडे, गाढी नदी ओलांडून आलं की सिडकोचा हा नोड सुरू होतो. आर-वन, आर-टू अशी सेक्टरांची नावं, चकाचक लॉबीच्या बिल्डिंगा आणि आत तुमच्या-माझ्यासारखी भाडेकरू मंडळी. ११ महिन्यांचं ॲग्रीमेंट, डिपॉझिट, दरवर्षी वाढ, सोडायचं असेल तर एक महिना आधी नोटीस. मुदत संपली की सामान टेम्पोत टाकायचं आणि पुढच्या गल्लीत जायचं. घरमालक डिपॉझिटमधून रंगाचे पैसे कापेल, गळक्या नळाचे कापेल. पण ‘घर सोडताय ना, मग तुमचा फ्रिज इथेच राहील’ असं काही तो म्हणत नाही. म्हणूनच बघावं!

मी ज्या धंद्यात आहे तिथे असं सर्रास म्हटलं जातं. आणि कोणी भांडायला येत नाही. कारण फ्रिज आपला आहे हेच लोकांना माहीत नसतं.

तर माझा धंदा. हॉस्पिटलं आणि स्कॅन सेंटर्सना सॉफ्टवेअर लावून देणाऱ्या एका छोट्या कंपनीत मी सपोर्टला आहे. एक्स-रे, सोनोग्राफी, सीटी, एमआरआय अशा मशिनांतून जे फोटो निघतात ते साठवायचे, डॉक्टरांच्या स्क्रीनवर पोहोचवायचे, पेशंटच्या मोबाइलवर लिंक पाठवायची. या सगळ्या कारभाराला आमच्यात ‘पॅक्स’ म्हणतात. माझी आई मात्र नातेवाइकांना सांगते, “ती एक्स-रेच्या कॉम्प्युटरचं काहीतरी बघते.” बरोबरच आहे म्हणा.

पूर्वी प्रत्येक घराचं स्वतःचं पॅक्स असायचं. गादीखाली! आजोबांचा मांडीच्या हाडाचा एक्स-रे, काकांच्या छातीचा, कोणाच्या तरी दाढेचा. खाकी पाकिटावर सेंटरचं नाव आणि पेनाने लिहिलेली तारीख. डॉक्टरांकडे जाताना ते पाकीट बगलेत मारून न्यायचं आणि परत आलं की पुन्हा गादीखाली. १९९५ च्या ऑक्टोबरात सूर्यग्रहण झालं तेव्हा कित्येक घरांतली ही फिल्म बाहेर आली होती. डोळ्यांचे डॉक्टर नको नको म्हणत होते तरी लोकांनी आजोबांच्या फुप्फुसातून सूर्य बघितला! नंतर भंगारवाले ही फिल्म वेगळ्या भावाने घ्यायला लागले, त्यातल्या चांदीसाठी. सिस्टीम गबाळी होती. पण किल्ली आपल्याकडे होती.

मग फोटो डिजिटल झाले आणि गादी पुरेना. सीटीचंच घ्या. आपल्याला ईएमआय म्हटलं की फ्लॅटचा हप्ता आठवतो. पण सीटी स्कॅनचा शोध ज्या ब्रिटिश कंपनीत लागला तिचंही नाव ईएमआय. तीच, एचएमव्हीच्या कुत्र्याच्या तबकड्यावाली. तिथल्या गॉडफ्रे हाउन्सफिल्डच्या मशिनवर १९७१ साली लंडनमध्ये पहिल्या पेशंटचा मेंदू बघितला गेला आणि १९७९ मध्ये हाउन्सफिल्डला नोबेल मिळालं. सीटीत शरीराचे पाव कापल्यासारखे स्लाइस मिळतात. एकेक स्लाइस ५१२ बाय ५१२ ठिपक्यांचा, म्हणजे साधारण अर्धा एमबी. छातीच्या बारीक स्कॅनमध्ये असे ३००-४०० स्लाइस असतात. झाले दीडशे-दोनशे एमबी! आणि प्रत्येक ठिपक्यात राखाडीच्या हजारो छटा, ज्या आपल्या डोळ्याला एकाच वेळी दिसत नाहीत. डॉक्टर माउस ओढतो तेव्हा फुप्फुस दिसतं, पुन्हा ओढतो तेव्हा हाड. फिल्मवर किंवा व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोत ही सोय मेलेली असते.

या फाइलींचा जो जागतिक फॉरमॅट आहे त्याला डायकॉम म्हणतात. अमेरिकेतल्या रेडिओलॉजिस्टांच्या संघटनेने आणि मशिन बनवणाऱ्यांच्या संघटनेने १९८५ मध्ये त्याची पहिली आवृत्ती काढली. डायकॉम हे नाव १९९३ मध्ये आलं. सॉलिड गोष्ट आहे ही! कुठल्याही कंपनीच्या मशिनवर काढलेला स्कॅन दुसऱ्या कुठल्याही कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडला पाहिजे, हा त्याचा फंडा. आणि प्रत्येक फाइलच्या पोटात पेशंटचं नाव, जन्मतारीख, आयडी लिहिलेला असतो, म्हणजे फोटो हरवला तरी मालक हरवत नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता पनवेलमधल्या दहा-पंधरा खाटांच्या एखाद्या नर्सिंग होमचा विचार करा. हा डेटा ठेवायचा कुठे? मी असे सर्व्हर बघितलेत जे जिन्याखाली, झाडूच्या शेजारी ठेवलेले असतात. पावसाळ्यात ओल, उन्हाळ्यात लाइट गेलेली, यूपीएसची बॅटरी दोन वर्षांपूर्वी मेलेली आणि बॅकअप म्हणजे कंपाउंडरच्या ड्रॉवरमधली एक हार्ड डिस्क. म्हणून आमच्यासारखे जातात आणि सांगतात, डॉक्टरसाहेब, हे सगळं विसरा. सर्व्हर आमचा, बॅकअप आमचा, तुम्ही फक्त महिन्याचं सबस्क्रिप्शन भरा. एक्स्प्रेस वेवर रात्री दोनला ॲक्सिडेंट झाला, पेशंट इथे आला, डोक्याचा सीटी काढला, तर रेडिओलॉजिस्ट डोंबिवलीतल्या घरी बसून तो बघतो आणि लगेच रिपोर्ट टाइप करतो. मेंदूत रक्तस्राव असेल तर तासभर वाचणं म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. मला माझ्या कामाचा अभिमान वाटतो तो याच्यासाठी.

सुरक्षेच्या बाबतीतही घरगुती सर्व्हरपेक्षा हे बरंच बरं. ग्रीनबोन नेटवर्क्स नावाच्या एका जर्मन कंपनीने २०१९ मध्ये जगभरातले असे सर्व्हर तपासले, ज्यांना कोणी पासवर्डच लावला नव्हता. नुसता पत्ता माहीत असला की आत! नंतर त्यांचा पुढचा रिपोर्ट आला. त्यात भारतातल्या राज्यांमध्ये पहिला नंबर कोणाचा? आपला, महाराष्ट्राचा. तीन लाख आठ हजारांहून जास्त पेशंट-नोंदी आणि जवळजवळ सात कोटी फोटो उघड्यावर पडलेले. डायकॉम जन्माला आलं ते हॉस्पिटलच्या चार भिंतींतल्या वायरींसाठी. नंतर कोणीतरी सोय म्हणून त्या वायरी इंटरनेटला जोडल्या आणि दाराला कडी लावायची राहिली. फाइलच्या पोटातलं नाव आणि जन्मतारीख? ती पण अर्थात बाहेर. आणि मोठ्या संस्थांचं काय होतं तेही दिसलंच. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला तेव्हा देशातल्या सगळ्यात नावाजलेल्या हॉस्पिटलात जवळपास दोन आठवडे पेनाने केसपेपर लिहीत होते.

त्यामुळे सबस्क्रिप्शन वाईट, असं म्हणायला मी बसलेली नाही. माझा पगार त्यातूनच येतो, बॉस! माझा प्रश्न टेम्पोचा आहे. घर सोडताना सामानाचं काय?

हा प्रश्न मला पडला तो आमच्याच मजल्यावरच्या काकूंमुळे.

२०२१ चा एप्रिल आठवतोय? दुसरी लाट. तेव्हा अख्ख्या महाराष्ट्राला एक नवीन शब्द येत होता, एचआरसीटी. कोणाला फोन केला की ‘तब्येत कशी’च्या आधी ‘स्कोअर किती?’ २५ पैकी ८ म्हणजे हुश्श, १८ म्हणजे बेड शोधा. राज्य सरकारने २०२० च्या सप्टेंबरमध्येच मशिनच्या क्षमतेप्रमाणे दर बांधून दिले होते, दोन ते तीन हजार. लोक रांगा लावून छातीचे फोटो काढत होते. काकूंनीही काढला, स्कोअर १० आला, आठ दिवसांत त्या बऱ्या झाल्या. रिपोर्टच्या तळाला एक ओळ होती. उजव्या फुप्फुसात सहा मिलिमीटरची लहान गाठ, काही महिन्यांनी पुन्हा स्कॅन करावा. त्या दिवसांत ती ओळ कोण वाचणार? स्कोअर बघितला, फाइल कपाटात.

२०२५ च्या पावसाळ्यात काकूंचा खोकला थांबेना. नवीन सीटी झाला. गाठ तिथेच होती. पण आता आठ मिलिमीटर!

मुंबईतल्या मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी दोन्ही रिपोर्ट वाचले आणि म्हणाले, “जुन्या स्कॅनच्या इमेजेस आणा. रिपोर्ट नको, इमेजेस.” काकूंना वाटलं डॉक्टर उगाच टोलवतायत. रात्री माझ्याकडे आल्या. “अगं, सहा आणि आठ. लिहिलंय ना दोन्हीकडे! यांना आणखी काय बघायचंय?”

मी त्यांना माझ्या लॅपटॉपवर एक सॅम्पल स्कॅन उघडून दाखवला. गाठ म्हणजे गोटी नसते, ती वेडीवाकडी असते. एकाने आडवी मोजली, दुसऱ्याने तिरकी मोजली तर माप बदलतं. एका स्कॅनचे स्लाइस जाड, दुसऱ्याचे बारीक असले तरी बदलतं. म्हणून साधारण दोन मिलिमीटरच्या आतला फरक डॉक्टर वाढ म्हणून धरत नाहीत. काकूंचा फरक बरोबर त्या रेषेवर उभा होता. खरंच वाढली असेल तर सुई घालून तुकडा काढायचा, बायोप्सी. आणि एवढ्याशा गाठीसाठी फुप्फुसात सुई घालणं म्हणजे गंमत नाही. पण चार वर्षांत ती जागची हललीच नसेल, तर अशी घट्ट गाठ बहुतेक वेळा निरुपद्रवी निघते. दोन वर्षं न वाढलेली गाठसुद्धा डॉक्टरांना पुष्कळ धीर देते. थोडक्यात, काकूंच्या पुढच्या सहा महिन्यांचं काय होणार ते २०२१ च्या त्या दोनशे एमबीत होतं.

काकूंच्या मोबाइलमध्ये जुना एसएमएस सापडला. लिंक दाबली. ‘लिंक एक्स्पायर्ड’.

सेंटरला फोन केला. “मॅडम, ते सॉफ्टवेअर आम्ही सोडलं. आता दुसरं आहे. २०२३ नंतरचं सगळं मिळेल.” आणि आधीचं? “ते त्या जुन्या कंपनीकडे.” जुन्या कंपनीला फोन केला. तिथला मुलगा माझ्यासारखाच सपोर्टचा, बोलायला गोड. “मॅडम, पेशंटशी आमचं ॲग्रीमेंटच नाही. क्लायंटने मेल टाकू दे.” क्लायंट म्हणजे सेंटर. सेंटर म्हणतं, आमचं अकाउंटच बंद आहे, मेल कुठून टाकणार? पाच दिवस हाच लोच्या. मग सेंटरमधल्या टेक्निशियन दादांनी कुठून तरी शोधून एक झिप फाइल पाठवली. उघडली तर आत सात जेपीजी! मोबाइलच्या वॉलपेपरला चालतील असे. त्यावर कोणी काय मोजणार?

काकू या काळात काय करत होत्या? रोज सकाळी दार वाजवून विचारायच्या, “आलं का गं माझं फुप्फुस?” हसत विचारायच्या. पण काका जिन्यात भेटले की बोलायचे नाहीत, नुसतं बघायचे.

शेवटी आम्ही थेट सेंटरच्या डॉक्टरांना जाऊन भेटलो. माणूस भला निघाला. त्यांना वाटत होतं, सॉफ्टवेअर बदललं की डेटा आपोआप नव्यात येतो. हे वाटणारे ते एकटे नाहीत, माझ्या निम्म्या क्लायंटना हेच वाटतं. त्यांनी तिथल्या तिथे जुन्या कंपनीला फोन लावला. बोलणं झालं. अकाउंट पुन्हा उघडायचं असेल तर किमान एक महिन्याचं सबस्क्रिप्शन. डॉक्टरांनी ते स्वतःच्या खिशातून भरलं. अकराव्या दिवशी डायकॉम फाइली आल्या, ३६२ स्लाइस. एका महिन्याचं भाडं भरलं तेव्हा काकूंचं फुप्फुस सुटलं!

मुंबईच्या डॉक्टरांनी दोन्ही स्कॅन शेजारी शेजारी लावले, एकाच दिशेने मोजले. जुन्या स्कॅनमध्ये गाठ साडेसात भरली. सहा नव्हतीच ती कधी. त्या लाटेत दिवसाला किती स्कॅन वाचावे लागत होते ते आठवलं तर त्या रेडिओलॉजिस्टला बोल लावायची इच्छा होत नाही. बायोप्सी टळली. वर्षाने आणखी एकदा बघू, म्हणाले. खोकला ॲसिडिटीचा निघाला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसमध्ये मी आमच्याच कंपनीचं ॲग्रीमेंट काढून वाचलं. चौदा पानं. डेटा परत देण्याबद्दल दीड ओळ, ‘लागू शुल्क आकारून’. शुल्क किती, किती दिवसांत, कुठल्या फॉरमॅटमध्ये, काही नाही. सरांना दाखवलं. सर म्हणाले, “अगं, सगळेच असं करतात. एवढं सोपं केलं तर क्लायंट टिकेल कशाला?” सर वाईट नाहीत हो. लॉकडाउनमध्ये त्यांनी एकाचाही पगार कापला नव्हता. पण त्यांच्या डोक्यात क्लायंट म्हणजे सेंटर. काकू त्या हिशेबात कुठेच नाहीत.

मग मी कायदा शोधला. तुम्हीही बघून ठेवा. केंद्र सरकारची २०१६ ची इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदींची मानकं आहेत. त्यात स्वच्छ म्हटलंय की नोंद ज्यावर साठवली ते माध्यम हॉस्पिटलचं, पण आतली माहिती पेशंटच्या मालकीची, हॉस्पिटल तिचं विश्वस्त. ऐकायला मस्त! पण मानक म्हणजे सल्ला. मेडिकल कौन्सिलचे २००२ चे नियम जास्त कडक. ॲडमिट पेशंटचे कागद तीन वर्षं ठेवायचे, मागितल्यावर ७२ तासांत द्यायचे. पण काकू ॲडमिट कुठे होत्या? त्या चालत आल्या, फोटो काढला, रिक्षाने घरी गेल्या. आणि तीन वर्षंच धरली तरी दुसऱ्या लाटेतले सगळे स्कॅन २०२४ मध्येच मुदतीबाहेर गेले.

डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये आले, त्यातल्या मुख्य जबाबदाऱ्या टप्प्याटप्प्याने लागू व्हायच्या आहेत. त्याच्या आधीच्या, २०१९ च्या विधेयकात ‘पोर्टेबिलिटी’ होती. आपला डेटा मशिनला वाचता येईल अशा रूपात उचलून दुसरीकडे न्यायचा हक्क. २०२३ च्या कायद्यात ती गळली. गंमत बघा, जानेवारी २०११ पासून आपण मोबाइलची कंपनी बदलतो आणि नंबर तोच ठेवतो. नंबरला जो हक्क आहे तो छातीच्या फोटोला नाही.

म्हणून तोवर गादी परत आणा. स्कॅन झाला की रिपोर्टच्या काउंटरवर एक वाक्य बोलायचं, “डायकॉम कॉपी द्या.” फिल्म नको, पीडीएफ नको, लिंकवर भरवसा नको. सीडी देतील. लॅपटॉपला आता सीडी ड्राइव्ह नसतो, म्हणून नवाकोरा पेन ड्राइव्ह पुढे करायचा. काही ठिकाणी व्हायरसच्या भीतीने पेन ड्राइव्ह घेत नाहीत, मग लिंक चालू आहे तोवर त्याच दिवशी डाउनलोड करायचं. घरी आल्यावर फोल्डर उघडून बघायचं. आत शेकड्यांनी फाइली असतील तर ठीक, पाच-सात जेपीजी असतील तर परत जायचं, लाजायचं नाही. फाइली उघडायला फुकट व्ह्यूअर मिळतात, विंडोजवर मायक्रोडायकॉम, मॅकवर होरोस. फोल्डरला तारीख आणि अवयवाचं नाव द्यायचं. आणि ती लिंक फॅमिली ग्रुपवर टाकायची नाही! मावशीला काळजी असते हे मान्य, पण त्यात तुमची जन्मतारीख पण असते.

सरांशी माझी दोन महिने कुरबुर चालू होती. मग एका क्लायंटने दुसऱ्या कंपनीकडे जायची धमकी दिली आणि डेटा कसा मिळणार म्हणून तासभर भांडला, तेव्हा सर जरा हलले. आता नव्या ॲग्रीमेंटमध्ये एक कलम आहे. सबस्क्रिप्शन संपल्यावर ९० दिवस सगळा डेटा डायकॉममध्ये, विनाशुल्क डाउनलोड करता येईल. त्यानंतरही पेशंटने सेंटरमार्फत मागितलेला स्कॅन सात दिवसांत. कलम मीच ड्राफ्ट केलं.

गेल्या आठवड्यात कामोठ्याच्या एका हॉस्पिटलात सहीसाठी गेले होते. मॅनेजरसाहेबांनी सगळी पानं भराभर उलटली आणि नेमके त्या कलमावर थांबले. चष्मा काढला.

“मॅडम,” म्हणाले, “तुमची कंपनी बंदबिंद होत नाहीये ना?”